आराखडा कोणी काढला?

आपल्या शाळेची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात संस्थापकांचे कष्ट, पहिल्या तुकडीतील विद्यार्थ्यांच्या आठवणी, निकालाचे आकडे आणि दात्यांची नावे यांना मानाचे स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. ज्या भिंतींच्या आत हे सारे घडले, त्या भिंतींविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. इमारत ही जणू आपोआप उभी राहणारी वस्तू आहे, असे आपण धरून चालतो. यंदा नव्या वसतिगृहाचा विषय संस्थेपुढे असल्यामुळे भिंतींविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. निमित्त झाले ते चंडीगढच्या प्रवासाचे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार शिक्षक पंजाब पाहण्यासाठी निघालो. वर्धा–कळंब रेल्वेमार्ग २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून आपल्या तालुक्यात रेल्वेची शिटी ऐकू येते. तरी उत्तरेची गाडी धरण्यासाठी वर्ध्यालाच जावे लागते. अमृतसरचे जालियनवाला बाग पाहून परतताना आम्ही दोन दिवस चंडीगढला थांबलो. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी स्थापत्य अभियंता म्हणून त्या भागात नोकरीला आहे. तिने आग्रह धरला, ‘सर, रॉक गार्डन आणि सुखना तलाव सगळेच पाहतात. तुम्ही इतिहास शिकवता, तुम्ही आधी सेक्टर १० मधले वास्तुकलेचे संग्रहालय पाहा.’ विद्यार्थिनीने शिक्षकांना गृहपाठ द्यावा, हा योग आम्हांस फार आवडला.

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, नाणी आणि भग्न मूर्ती येतात. येथे तसे काही नाही. येथे आहेत नकाशे, रेखाटने, पत्रव्यवहार, छायाचित्रे, लाकडी प्रतिकृती आणि खुर्च्या. १९९७ मध्ये उभ्या राहिलेल्या या इमारतीचे वास्तुकार एस. डी. शर्मा. एक संपूर्ण शहर कागदावर कसे जन्मले आणि कागदावरून जमिनीवर कसे उतरले, एवढीच कथा हे संग्रहालय सांगते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र त्या कथेत पुष्कळ काही सापडते.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतीय पंजाब राजधानीवाचून उरला. नव्या राजधानीचा पहिला आराखडा अमेरिकेचे आल्बर्ट मेयर यांनी केला. त्यांचे तरुण सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले. मग प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा हे दोन अधिकारी युरोपात जाऊन फ्रान्सचे ल कोर्ब्युझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जाँनरे आणि इंग्लंडचे मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे दांपत्य यांना करारबद्ध करून आले. फेब्रुवारी १९५१ मध्ये शिमल्याच्या वाटेवरील एका विश्रामगृहात बसून या मंडळींनी थोड्याच दिवसांत शहराचा मूळ आराखडा सिद्ध केला. ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असे सेक्टर. प्रत्येक सेक्टरमध्ये शाळा, बाजार, दवाखाना आणि मोकळी हिरवी जागा. जलद वाहनांचे रस्ते बाहेरून, पायी चालणाऱ्यांच्या वाटा आतून. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते शहराचे उद्घाटन झाले. या परदेशी नावांच्या पाठीमागे भारतीय वास्तुकारांचा मोठा चमू राबत होता. एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, युली चौधरी, जीत मल्होत्रा यांच्याबरोबर त्यात प्रभावळकर आणि देठे ही दोन मराठी वळणाची नावेही आहेत. ती वाचताना आम्हांस आपल्याकडचे कोणी भेटल्यासारखे झाले.

त्या नकाशापुढे आम्ही बराच वेळ उभे होतो. आमच्यापैकी गणित शिकवणारे सहकारी काटकोनांचे कौतुक करीत होते. आमच्या मनात मात्र दुसराच नकाशा उमटत होता, तो आपल्या विदर्भातील कोणत्याही जुन्या खेड्याचा. पाटलाचा वाडा, देऊळ, चावडी मध्यभागी. मग जातवार आळ्या. आणि गावकुसाबाहेर, वाऱ्याच्या उतरत्या अंगाला, नदीच्या खालच्या काठाला आपली वस्ती. पाणवठा वेगळा, वाट वेगळी, मसणवट वेगळी. हा नकाशा कोणी कागदावर काढला नाही, म्हणून तो निसर्गनियम वाटू लागला. पाऊस वरून पडतो तशी आपली वस्ती बाहेर असते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. पण गाव हाही आराखडाच आहे. त्याचे वास्तुकार निनावी असले तरी त्यांचा हेतू निनावी नाही. कोणाचा वारा कोणावर यावा, कोणाचे पाणी कोणी प्यावे, कोणाची सावली कोठपर्यंत पडावी, याचा काटेकोर विचार त्या रचनेत आहे.

चंडीगढच्या संग्रहालयाने आम्हांस काही दिले असेल, तर ते हे एक भान. शहर असो वा गाव, त्याचा आराखडा माणसाने काढलेला असतो. आणि माणसाने काढलेली रेघ माणसाला खोडता येते. संविधानाची अंमलबजावणी २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली आणि या शहराचा आराखडा १९५१ चा. एकाने अस्पृश्यता कायद्याने संपविली. दुसऱ्याने, निदान कागदावर, गावकूस नसलेली वस्ती कल्पिली. खेडे हे प्रजासत्ताकाचे आदर्श रूप होय, ही कल्पना बाबासाहेबांनी घटना समितीत किती ठामपणे नाकारली होती, हे आपण जाणतो. ज्यांना गावाने बाहेर ठेवले, त्यांना गावाच्या आठवणीने गहिवरून येण्याचे कारण नव्हते.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने कौतुकातच थांबू नये. त्याच संग्रहालयात सरकारी घरांचे नकाशे आहेत. प्रारंभी घरांचे तेरा प्रकार ठरले, पुढे चौदा झाले. सर्वांत वरचे उच्चपदस्थांसाठी, सर्वांत खालचे शिपायांसाठी. आकड्यापुढे वास्तुकाराच्या नावाचे आद्याक्षर जोडलेले. कोणाला कोणते घर मिळणार, हे त्याच्या जातीवर ठरणार नव्हते, पगारावर ठरणार होते. हा बदल लहान नव्हे. पगार वाढविता येतो, बढती मिळविता येते. जन्म बदलता येत नाही. तरीही चार वर्णांच्या जागी तेरा पायऱ्या पाहून आमच्या मनात विचार आला, की ज्या समाजात शिपाई आणि सफाई कामगार बहुतेक एकाच थरातून येतात, तेथे पगाराची पायरी आणि जातीची पायरी किती काळ वेगळ्या राहतील? आराखडा शिडी आडवी करू शकला नाही. तिच्यावर चढता येईल अशी सोय मात्र त्याने केली.

आणि एक गोष्ट या खालच्या पायरीवरही होती, तिची नोंद आम्ही आदराने करतो. सर्वांत स्वस्त घरालाही नळाचे पाणी, विजेचा दिवा, स्वतंत्र स्वयंपाकघर, अंगण आणि पाण्याने धुतला जाणारा संडास देण्यात आला होता. १९५० नंतरच्या त्या वर्षांत भारतातील बहुतेक शहरांतून मैला माणसांच्या डोक्यावरून वाहिला जात होता. ज्या घरात पाण्याचा संडास आहे, त्या घराला डोक्यावर मैला वाहणारा माणूस लागत नाही. मानवमुक्तीची भाषणे पुष्कळ होतात. पण एका नळाने आणि एका भुयारी गटाराने जी मुक्ती साधते, ती भाषणाने साधत नाही. संग्रहालयातील उंच विधानभवनाच्या प्रतिकृतीपेक्षा शिपायाच्या घराचा तो साधा नकाशा आम्हांस अधिक क्रांतिकारक वाटला, तो यामुळे.

तो नकाशा पाहताना आम्हांस अजिंठ्याचे बारावे लेणे आठवले. दर दोन-तीन वर्षांनी आपल्या शाळेची सहल तेथे जाते. अनेक माजी विद्यार्थ्यांनी ते पाहिले असेल, पण चित्रे नसल्यामुळे बहुतेकांनी पटकन मागे टाकले असेल. हा इसवी सनापूर्वीच्या काळातील विहार आहे. मध्ये चौरस सभागृह, तीन बाजूंना प्रत्येकी चार अशा बारा खोल्या आणि प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन शय्या-ओटे. खोल्या सारख्या, ओटे सारखे. पहिल्या प्रकारचे घर, तेराव्या प्रकारचे घर अशी पायरी नाही. संघात ज्येष्ठतेला मान होता हे खरे. पण ती ज्येष्ठता प्रव्रज्येच्या काळावरून मोजली जाई, कुळावरून नव्हे. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला दीक्षा देण्यात आली आणि राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले, ही विनयपिटकातील कथा आपण मुलांना सांगतोच. बाराव्या लेण्याचा नकाशा तीच कथा दगडात सांगतो. निवासी शाळेचा याहून जुना आणि याहून चांगला पूर्वज आम्हांस ठाऊक नाही. आधुनिक वास्तुकलेने अनावश्यक अलंकार काढून टाकला, गरजेला रूप दिले, असे म्हणतात. भिक्खूंच्या त्या ओट्यांकडे पाहिले की हा विचार केवळ विसाव्या शतकातला किंवा केवळ युरोपातला नाही, हे ध्यानात येते.

दुसऱ्या दिवशी सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाचे घर पाहिले. पिएर जाँनरे १९५४ ते १९६५ या घरात राहिले. २०१७ पासून तेथे त्यांचे संग्रहालय आहे. ल कोर्ब्युझिए वर्षातून ठरावीक काळ येऊन जात. जाँनरे मात्र येथेच राहिले, मुख्य वास्तुकार झाले आणि आजारी पडल्यावरच स्वदेशी परतले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या. घर विटांचे, गोट्यांचे, साधे. विटा एकाआड एक सोडून केलेली जाळी वारा आत घेते आणि ऊन बाहेर ठेवते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो अशा यवतमाळ जिल्ह्यातील माणसाला ती जाळी पाहून हेवा वाटल्यावाचून राहत नाही. आपल्या आजोबांच्या मातीच्या भिंती आणि कवेलूंची छपरे गरिबीची होती, पण उन्हाळ्यात थंड होती. ती गेली आणि टिनपत्रे आली, मग स्लॅब आला. प्रगती झाली, पण दुपारी तापलेला स्लॅब रात्री मुलांना झोपू देत नाही, हे कोणत्याही अधीक्षकाला विचारावे.

त्या घरात सागवानी लाकडाच्या आणि वेताच्या विणीच्या खुर्च्या आहेत. स्थानिक सुतारांनी घडविलेल्या या खुर्च्या कचेऱ्यांत, वाचनालयांत आणि वसतिगृहांत कारकुनांनी व विद्यार्थ्यांनी वापराव्यात म्हणून केलेल्या. पुढे त्या मोडीत निघाल्या, भंगाराच्या भावात गेल्या, आणि मग परदेशांतील लिलावांत लाखोंच्या बोलीने विकल्या जाऊ लागल्या. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीस मनाई करावी लागली. कारकुनाची खुर्ची धनिकाच्या दिवाणखान्यात शोभेची वस्तू झाली. तिची वीण ज्याने विणली त्याचे नाव कोणत्याही लिलावाच्या यादीत आले नाही.

हीच उणीव आम्हांस दोन्ही दिवस सलत होती. छायाचित्रांत डोक्यावर काँक्रीटची घमेली वाहणाऱ्या स्त्रिया दिसतात. त्यांची नावे नाहीत. ल कोर्ब्युझिए यांनी मापनासाठी जो आदर्श माणूस कल्पिला, त्याची उंची १.८३ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट. हात उंचावून उभ्या असलेल्या त्या पुरुषाच्या मापाने दारे, छते आणि पायऱ्या मोजल्या गेल्या. ज्यांनी हात उंचावून घमेली वर पोहोचविली, त्या बायांच्या उंचीची कोणी नोंद केली नाही. शहर बांधणाऱ्या मजुरांसाठी मूळ आराखड्यात पुरेशी जागाच नव्हती. ते झोपड्यांत राहिले आणि पुढे तेथून हलविले गेले. मधू सरीन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासग्रंथात याची सविस्तर मांडणी केली आहे. ज्यांच्या शेतांवर हे शहर उभे राहिले, त्या खेडुतांचीही गोष्ट याहून निराळी नाही. गावकूस नव्हते, तरी काही माणसे आराखड्याबाहेरच राहिली.

येथेही आपल्या परंपरेत एक उत्तर आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर, विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केले, असा लेख आहे. दोन हजार वर्षांनंतरही त्या कामगारांची ओळख टिकून राहिली, कारण तोरणावर राजांबरोबर कारागिरांनाही जागा होती.

बाबासाहेबांना इमारतींचे महत्त्व किती होते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. दादरचे ‘राजगृह’ त्यांनी मुख्यतः ग्रंथांसाठी बांधले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राजेंद्रप्रसाद यांच्याच हस्ते बसली, आणि त्या इमारतीच्या बांधकामात बाबासाहेबांनी जातीने लक्ष घातले. ज्या वर्षी चंडीगढचा आराखडा झाला, त्याच वर्षी मराठवाड्याच्या माळावर आपल्या मुलांसाठी आराखडा आकार घेत होता. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप हे तर आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण. वास्तुकार शिवदानमल यांनी सांचीचे रूप घेतले, पण प्राचीन स्तूप भरीव असतो तसा तो भरीव न ठेवता आतून पोकळ केला. बहुजनांना आत येऊन बसता यावे, ही त्यामागची दृष्टी आहे, असे आम्ही मानतो.

आता नव्या वसतिगृहाविषयी. हितचिंतकांत दोन मते आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. काहींना वाटते की दर्शनी भागी भव्य तोरण आणि घुमट आधी व्हावा. रस्त्यावरून जाणाऱ्याला आपली ओळख दिसावी. या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. ज्यांना शतकानुशतके अदृश्य ठेवले गेले, त्यांनी दिसण्याची इच्छा धरावी यात गैर काय? परंतु निधी मर्यादित आहे, आणि आज एकेका खोलीत ठरल्यापेक्षा अधिक मुली झोपतात, ट्रंका व्हरांड्यात ठेवतात आणि पहाटे नळापुढे रांग लावतात. अशा वेळी तोरण आधी की नळ आधी, असा प्रश्न आला तर आम्ही निःसंकोचपणे नळ म्हणू.

संस्थेच्या बांधकाम समितीपुढे आम्ही काही सूचना ठेवतो. बाराव्या लेण्याप्रमाणे सर्व खोल्या एका मापाच्या असाव्यात. देणगीदाराच्या मुलाला निराळी खोली नसावी. खाट, टेबल आणि खुर्ची आपल्या मुलामुलींची उंची मोजून करावी, आणि ती कळंबच्याच सुतारांकडून करून घ्यावी. पश्चिमेच्या भिंतीला विटांची जाळी आणि रुंद व्हरांडा असावा. पुरेसे संडास व स्नानगृहे असावीत, त्यांत पाणी असावे, आणि ती वसतिगृहाच्या छपराखालीच असावीत, म्हणजे रात्री एखाद्या मुलीला अंधारात बाहेर जावे लागणार नाही. रात्री अकरापर्यंत दिवा चालू राहील अशी अभ्यासिका असावी. आणि कोनशिलेवर दात्यांच्या नावांखाली गवंडी, सुतार, मजूर स्त्री-पुरुष यांचीही नावे कोरावीत, एकही न वगळता. त्यासाठी थोडा मोठा दगड लागेल, एवढाच अधिक खर्च.

आणखी एक विनंती माजी विद्यार्थ्यांना. आपल्या शाळेने शिक्षक, परिचारिका, पोलीस, तलाठी, बँक अधिकारी घडविले. आराखडे काढणारे हात मात्र आपल्याकडे अजून थोडेच आहेत. गावाच्या सीमा, वस्तीचा रस्ता, पाण्याच्या टाकीची जागा, घरकुलाचे माप हे सारे कोणत्या तरी टेबलावर ठरते. त्या टेबलाभोवती आपली मुले नसतील, तर नवा आराखडाही जुन्याच वळणावर जाईल. चंडीगढला आम्हांस वाट दाखविणारी ती विद्यार्थिनी दिवाळीनंतर कळंबला येऊन गेली. तिने जागेची मोजणी केली, वाऱ्याची दिशा पाहिली, सहावीतील मुलींची उंची मोजली आणि वसतिगृहाचा पहिला कच्चा नकाशा विनामूल्य काढून दिला. तो कार्यालयाच्या भिंतीवर लावला आहे. स्मरणिकेच्या प्रकाशनाला येणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा, शंका विचाराव्यात, दुरुस्त्या सुचवाव्यात. पेन्सिल तेथेच ठेवली आहे.